एका हाताने समुद्रात सरळ पोहता येतं का? – देवगडच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि लगेच लिहायला बसलो होतो, पण थांबलो. घाईत लिहिलं असतं तर "घाला की बिनधास्त स्विमिंगला" एवढंच लिहून झालं असतं आणि त्याने तुमचं काहीच भागलं नसतं.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो. मुलगी १४ वर्षांची, डावा हात जन्मापासून कोपराच्या खाली नाही. आजोबांनी पाठीला डबा बांधून घरच्या विहिरीत पोहायला शिकवलं आणि आता ती वाडीतल्या मुलग्यांना मागे टाकते. शाळेतल्या सरांनी पॅरा स्विमिंग, म्हणजे दिव्यांगांचं स्पर्धेचं पोहणं, सुचवलं. सासूबाई म्हणतात चेडवाक लोकांसमोर कित्याक नेतंस (मुलीला लोकांसमोर कशाला नेतेस), उद्या लग्नाचं काय. मुंबईचे दीर गणपतीला आले तेव्हा म्हणाले खेळवाच तिला, पॅरालिम्पिकला जाईल, टीव्हीवर येईल, गावाचं नाव होईल. तुम्ही मधल्यामध्ये अडकलाय, आणि पोरीचं प्रदर्शन तर होणार नाही ना, असं तुम्हाला वाटतं. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीये, की ती विचारते, एका हाताने समुद्रात सरळ पोहता येतं का, की गोल गोल फिरायला होतं.

मी २३ वर्षं क्रीडाशिक्षक आहे, मालवण-वेंगुर्ला पट्ट्यात, आणि त्यातली १३ वर्षं दिव्यांग मुलांना पोहणं आणि गोळाफेक-भालाफेक शिकवतोय. मी डॉक्टर नाही, मोठ्या अकादमीतला कोचही नाही. पाण्याच्या कडेला उभं राहून जे दिसलं तेवढंच सांगणार.

तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात खेळाबद्दलचा प्रश्न एकच आहे आणि तो तुमच्या मुलीचा आहे. बाकी सगळं लोक काय म्हणतील याबद्दल आहे. लोकांचं म्हणणं आपल्याकडे लहान गोष्ट नाही हे मला माहितीये. वाडीत राहायचं असतं, एकाच विहिरीवर पाणी भरायचं असतं, त्यामुळे "लोकांकडे लक्ष देऊ नका" असलं मी सांगणार नाही. पण लोकांच्या बोलण्याची उत्तरं शोधता शोधता तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहूनच जातं, आणि मी बघितलेल्या बहुतेक घरांत नेमकं हेच झालंय.

आता एक गोष्ट आधी संपवून टाकू, कारण तुमच्या लिहिण्यात ती एका वाक्यात येऊन गेली आणि मला ती फार लागली. "मी ग्रहण नीट पाळलं नाही असं अजून बोलतात." ताई, बाळाचे हातपाय गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात तयार होतात. म्हणजे कित्येकदा आईला दिवस गेलेत हे जेमतेम कळलेलं असतं तेव्हाच. त्या काळात वाढीत काहीतरी अडथळा आला, हाताकडचा रक्तपुरवठा कमी पडला असं काही झालं तर हात आखूड राहतो, आणि बऱ्याचदा नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. ग्रहणाचा, विळीचा, सुरीचा त्यात काडीचाही संबंध नाही. १४ वर्षं हे ओझं तुम्ही डोक्यावर घेऊन चाललाय, ते खाली ठेवा. मुलीसाठीसुद्धा ठेवा. तिच्यासमोर तिच्या हाताला "आईची चूक" म्हटलं गेलं की तो हात तिच्यासाठी कायमचा चूकच होऊन बसतो, मग ती तो ओढणीखाली लपवते आणि लपवलेल्या हाताने पोहता येत नाही.

आता सासूबाई आणि दीर. वरवर दोघं उलट बोलतायत असं वाटतं, एक म्हणतात लपव, दुसरे म्हणतात दाखव. पण मला दोघांचं म्हणणं एकाच मुळातून आल्यासारखं वाटतं. दोघांनाही आधी तिचा हात दिसतो, तिचं पोहणं दिसत नाही. सासूबाईंसाठी ती "बिचारी" आहे, दिरांसाठी ती "धन्य" आहे, आणि मी माझ्या मुलांवर या दोन्ही शब्दांचा परिणाम बघितलाय. बिचारीकडून कोणी काही अपेक्षा ठेवत नाही आणि धन्य आहे तिला कोणी काही शिकवायला जात नाही. दोन्हीकडे ती पोर पोहायची ती तिथेच राहते. तिच्याबद्दल वाईट चिंतणारं यात कोणीच नसतं, सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं, म्हणून तर ते मोडायला जास्त कठीण.

"बिचारी"चं एक उदाहरण माझ्याच हातून घडलेलं सांगतो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक मुलगी यायची, एक पाय लहानपणापासून अशक्त. मी तिला कधी ओरडलो नाही. बाकीची मुलं आठ लॅप मारायची, तिला मी चारवर थांबवायचो, टर्न चुकली तरी छान म्हणायचो, स्टॉपवॉच तर तिच्यासाठी लावायचोच नाही, उगाच मन दुखायला नको म्हणून. मग तिला राज्य स्पर्धेला नेलं. तिथे तिच्याच कॅटेगरीतल्या, तिच्याइतकाच अशक्त पाय असलेल्या मुली तिच्या जवळजवळ अर्धा तलाव पुढे निघून गेल्या. परत येताना गाडीत ती कणकवलीपर्यंत गप्प होती आणि मग म्हणाली, सर तुम्ही सगळ्यांना ओरडता, मला कधीच ओरडला नाहीत, मला वाटलं मी चांगलीच पोहते. मला त्यावर काही बोलता आलं नाही. त्या मुलीची दोन वर्षं माझ्या दयेत वाया गेली, आणि मी तर शिकवणारा माणूस, मला कळायला हवं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे, पहिल्या दिवसापासून प्रत्येकाचं टायमिंग घ्यायचं, वहीत लिहायचं आणि त्याला दाखवायचं. अपवाद नाही.

"धन्य"चं उदाहरण एका मच्छीमाराच्या मुलाचं. बोटीवर विंचच्या, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राच्या, दोरात पाय अडकून गुडघ्याखाली कापावा लागला. गोळाफेक करायचा. पहिल्यांदा राज्य स्पर्धेला गेला आणि सहावा आला, म्हणजे सातात सहावा. २६ जानेवारीला गावाने सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ, हार, आणि पाहुण्यांनी भाषण केलं की याला पाय नसून हा एवढं करतो, आपण धडधाकट असून काय करतो. बायका रडल्या. आणि हा मुलगा हार घालून खाली मान घालून बसलेला. नंतर मला बाजूला घेऊन विचारतो, सर, मी तर हरलो ना, मग हार कशाला घातला? आणि मी सहावा आलो हे स्टेजवर कोणी का बोललं नाही?

हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. त्याला कळलं होतं की हार गोळ्याच्या अंतराला नव्हता, कापलेल्या पायाला होता. पुढच्या वर्षी तो तिसरा आला, तेव्हा मंडळाच्या पोरांना मी सांगितलं की सत्कार जरूर करा पण बॅनरवर त्याचं मागच्या वर्षीचं अंतर आणि या वर्षीचं अंतर, दोन्ही मोठ्या आकड्यांत लिहा. त्यांनी लिहिलं. त्या दिवशी गावातले लोक त्याला पायाबद्दल नाही, गोळा किती किलोचा असतो ते विचारत होते.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची पत्रकार होती, व्हीलचेअर वापरायची, २०१४ मध्ये वारली. ती सांगायची, ती १५ वर्षांची असताना गावातलं कोणीतरी घरी आलं आणि आईवडिलांना म्हणालं की तिचं नाव पुरस्कारासाठी द्यायचंय. आईवडील म्हणाले, छानच, पण अडचण अशी की तिने अजून काही केलेलंच नाही. शाळेत जाते, अभ्यास करते, टीव्ही बघते, बाकीच्या मुलींसारखीच. मला हे आईवडील फार आवडतात. मुलीवर विश्वास असला की असं सरळ बोलता येतं.

दिरांना दुखवू नका, त्यांचा उत्साह खरा आहे आणि तिकिटाच्या खर्चाला उद्या तेच उभे राहतील. पण त्यांना एक सांगा, पॅरालिम्पिकचं नाव तिच्यासमोर रोज नको. प्रत्येक दिव्यांग मूल पॅरालिम्पिकला गेलं पाहिजे हाही एक ठोकळाच झालाय आता. दोन हातांची किती मुलं आपल्या गावात क्रिकेट खेळतात, त्यांना कोणी "वानखेडेवर कधी" असं रोज विचारत नाही. तिला साधारण खेळाडू असण्याची मोकळीक पाहिजे. पोहून बघेल, आवडेल, जिल्ह्यापर्यंत जाईल, किंवा दोन वर्षांनी सोडून तबला शिकायला लागेल, तेही ठीक आहे.

आता तुमचा तो "प्रदर्शन" शब्द. मी त्यावर बराच विचार केला. खरं बोलायचं तर लोक तिच्याकडे आत्ताही बघतातच. एसटी स्टँडवर बघतात, लग्नात बघतात, जत्रेत बघतात, आणि तेव्हा बघण्यासारखं त्यांच्यासमोर तिच्या हाताशिवाय दुसरं काही नसतं. पाण्यात उतरली की पहिली दोन मिनिटं लोक हात बघतात आणि मग शर्यत बघायला लागतात, हे मी किनाऱ्यावर उभं राहून कितीतरी वेळा बघितलंय. मालवणच्या चिवला बीचला वर्षाच्या शेवटाला सागरी जलतरण स्पर्धा भरते ना, ती एकदा जाऊन बघा, नुसती बघायला. शेवटच्या टप्प्यात पाण्यात कोणाला किती हात आहेत ते कोणाला सुचत नाही, टोपीचा रंग बघून ओरडत असतात सगळे.

तरीसुद्धा १४ वर्षांच्या मुलीला स्विमिंग कॉस्च्युममध्ये, आखूड हात पूर्ण उघडा, चार अनोळखी लोकांसमोर उभं राहणं सोपं नाही. कृत्रिम हात असला तरी शर्यतीत तो चालत नाही, काढूनच पोहावं लागतं. म्हणून जबरदस्ती नको. माझ्याकडे मुली आल्या की पहिले काही आठवडे पहाटे, गर्दी नसताना, सोबत आई किंवा मोठी बहीण आणि अंगात पूर्ण बाह्यांचा टीशर्ट. शर्ट कधी काढायचा ते ती ठरवते. एका मुलीने तिसऱ्या दिवशी काढला, का तर बाही पाण्याने जड होते आणि टायमिंग वाढतं म्हणून. दुसरीने पाच महिने काढला नाही. दोन्ही बरोबर.

आणि लग्न. सासूबाईंना मी वाईट म्हणणार नाही, त्यांच्या पिढीने हात-पाय नसलेल्या मुलींचं काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय, त्यांची भीती पोकळ नाही. पण त्यांना एवढंच विचारा की लपवून ठेवलेल्या किती मुलींचं चांगलं झालं. माझ्याकडच्या मुलींना खेळाने नवरा मिळवून दिला असं मी सांगणार नाही, खेळाचं ते कामच नाही. पण एकटीने रेल्वेने पुण्याला जाऊन स्पर्धा खेळून परत आलेली मुलगी घरात वेगळ्या आवाजात बोलायला लागते, हे मी बघितलंय. सासूबाईंना वाद घालून पटवू नका, एक दिवस सोबत घेऊन या पाण्यावर. माझ्याकडे ज्या आज्या येतात त्या पहिल्या दिवशी रडतात, दुसऱ्या दिवशी डब्यात घावणे घेऊन येतात आणि तिसऱ्या दिवशी मलाच विचारतात की हिला अजून जोरात का पळवत नाही.

अजून एक गैरसमज तुम्हाला ऐकायला मिळेलच. "अपंगांच्यात काय, कोणीपण जिंकतं." हे शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा बोललं जातं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. राजस्थानच्या देवेंद्र झाझरियाला लहानपणी विजेचा शॉक लागून डावा हात गमवावा लागला. त्याने २००४ ला अथेन्स पॅरालिम्पिकमध्ये भाला ६२.१५ मीटर टाकला आणि रिओला २०१६ मध्ये ६३.९७, दोन्ही वेळा सुवर्ण. माझ्या २३ वर्षांत दोन्ही हात असलेल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर ५० मीटर टाकलेला मी फार क्वचित बघितलाय. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने पॅरिसला २०२४ मध्ये गोळा १६.३२ मीटर टाकून रौप्य आणलं, शाळेत असताना सायकलवरून पडून त्याचा हात निकामी झाला होता. करमाळ्याच्या सुयश जाधवचे दोन्ही हात शाळेत असताना शॉक लागून कोपरापासून गेले, तो रिओ पॅरालिम्पिकमध्ये पोहला आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. पॅरिसला भारताची २९ पदकं आली, ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य. हे कोणीपण करू शकलं असतं तर झालं असतं की आधी.

आणि हे सगळं आत्ताचं आहे असंही नाही. १९७२ साली, जर्मनीत हायडेलबर्गला, इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहले, जागतिक विक्रम केला आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. सैन्यातला बॉक्सर माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मग पोहायला शिकून तिथवर गेला. त्यांना पद्मश्री कधी मिळाली? २०१८ ला. ४६ वर्षांनी. मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला तेव्हा आम्हाला खाशाबा जाधव शिकवले, योग्यच होतं ते, पण पेटकरांचं नाव कोणी घेतलं नाही. मराठी माणूस, पोहण्याचा विक्रम, आणि आम्हाला माहीतच नाही. आधीच मनात धरून ठेवलेल्या चित्राने काय होतं ते असं असतं, डोळ्यासमोर असलेलं सोनंसुद्धा दिसत नाही. आणि "पॅरा" म्हणजे पॅरालिसिस असं खूप लोकांना वाटतं, आता त्याचा अर्थ बाजूने, समांतर चालणारा असाच धरतात. ऑलिम्पिकच्या बरोबरीने चालतात ते खेळ म्हणून पॅरालिम्पिक.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते.

सगळ्यात आधी तिला स्वतःला हवंय का. तिने समुद्राचा प्रश्न विचारलाय म्हणजे पाण्याची ओढ आहे एवढं नक्की, पण स्पर्धेची आहे का ते तिलाच विचारा, सगळ्यांसमोर नको, एकटीला. मग पाणी. आपल्याकडे तलाव कमी, आणि विहिरीत पोहणं येणं वेगळं, ५० मीटर सरळ एका लयीत पोहणं वेगळं. जवळ तलाव नसेल तर तिला किती दिवस, कोण, कशाने नेणार हे आधी बसून ठरवा, कारण घरातलं एक माणूस त्यात अडकतं आणि बहुतेक वेळा ते आईच असते. पावसाळ्यात समुद्र बंद, नारळी पौर्णिमा झाली तरी मी मुलांना दसऱ्याआधी समुद्रात उतरवत नाही, तेव्हा ते चार महिने जमिनीवरचा व्यायाम. पैशाच्या बाबतीत तुमचं त्यातल्या त्यात बरं आहे, व्हीलचेअरच्या खेळांना खुर्चीच लाखांत जाते, तुमच्या मुलीला कॉस्च्युम, गॉगल, टोपी आणि प्रवास एवढंच.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते, ऑनलाइन अर्ज आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी. पण एक गोंधळ सगळेच करतात, त्या कार्डावरचे टक्के आणि खेळातला वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० टक्के आणि वर असेल तर सरकारी सवलतींना उपयोग होतो. खेळात मात्र क्लासिफायर, म्हणजे खेळाडूचा वर्ग ठरवणारे तपासनीस, वेगळे असतात, ते आधी टेबलावर स्नायू-सांधे तपासतात, मग पाण्यात पोहायला लावून बघतात आणि स्पर्धेतही लक्ष ठेवतात, त्यावरून वर्ग ठरतो. शारीरिक दिव्यांगत्वासाठी एस-१ ते एस-१०, आकडा जितका लहान तितका अडथळा मोठा. एक हात कोपराखाली नसलेले बरेचसे जलतरणपटू एस-९ मध्ये दिसतात, पण तुमच्या मुलीचं ते लोकच ठरवतील, मी इथून सांगणं बरोबर नाही. दृष्टी कमी असणाऱ्यांना एस-११ ते १३, बौद्धिक अडचण असणाऱ्यांना एस-१४. हे वर्ग कशासाठी, तर शर्यतीत कोणाचा हात किती मोठा ते ठरू नये, कोण जास्त चांगलं पोहतं ते ठरावं. "सोपं" म्हणणाऱ्यांना हे एकदा समजावून सांगा, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. ओरोसच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन राज्य पॅरा स्पर्धांच्या तारखा विचारा, फोनवर भागवू नका, समोर जा आणि मुलीला बरोबर न्या.

शाळेने पोहण्याच्या निवडीला नाही म्हटलं, किंवा "लागलं तर जबाबदार कोण" म्हणून स्कोअर लिहायला बसवलं, तर गप्प राहू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये कलम ३० खेळाबद्दलच आहे, दिव्यांगांना खेळात सहभागी होता यावं ही सरकारची जबाबदारी आहे असं त्यात येतं. चारचौघांत मुद्दाम अपमान करण्याला कलम ९२ खाली शिक्षासुद्धा आहे. आणि जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमा-टीव्हीवर दिव्यांगांना कसं दाखवावं याबद्दल सांगताना हिणवणारे शब्द आणि ठरीव साचे टाळा असं स्पष्ट म्हटलंय. कायदा हातात घेऊन भांडायला जा असं मी म्हणत नाही, तुमच्या सरांनी तर स्वतःहून सुचवलंय, म्हणजे माणूस चांगला आहे. पण माहीत असावं. वाडीत "थोटी" म्हणून हाक मारणारा कोणी असेल तर त्याला एकदा शांतपणे तिचं नाव सांगा. मग तो विसरला तर परत सांगा. अपंग म्हणावं की दिव्यांग यावर लोक तासभर वाद घालतात, माझ्या मुलांना मी विचारलं तर ती म्हणाली, सर, नावाने हाक मारा.

म्हणजे तुमच्यापुरतं आत्ताचं काम एवढंच, ग्रहणाचं मनातून काढा, तिला एकटीला विचारा, कार्ड काढा, आणि घरात तिच्या पोहण्याबद्दल बोलताना हाताचा विषय न काढता टायमिंगचा काढा. आज किती सेकंद? कालच्यापेक्षा कमी की जास्त? सासूबाईंनाही हेच विचारायला शिकवा, दिरांनाही फोनवर हेच विचारू दे.

आता इथून पुढचं तिला वाचायला द्या, कारण प्रश्न तिचा आहे.

बाळा, एका हाताने समुद्रात सरळ पोहता येतं. पण आपोआप नाही, शिकावं लागतं. तू होडीत बसली असशीलच. उजव्या बाजूने एकच वल्हं मारलं तर होडी कुठे वळते? डावीकडे. तुझंही तसंच होणार, उजवा हात पूर्ण आहे, तो पाणी जास्त ओढणार आणि तू हळूहळू डावीकडे जाणार. विहिरीत हे कळत नाही कारण चार हातांवर भिंत असते.

तर पहिलं काम, डावा हात अंगाला चिकटवून ठेवायचा नाही. तो आखूड आहे पण रिकामा नाही. उजव्यासारखाच खांद्यातून पूर्ण गोल फिरवायचा, त्याने पाणी कमी ओढलं तरी अंग दोन्ही बाजूंना सारखं वळतं आणि लय राहते. दुसरं, उजवा हात पाण्यात गेला की तो बाहेरच्या बाजूला लांब न्यायचा नाही, पोटाखालून, अंगाच्या मधल्या रेषेजवळून मागे ओढायचा, जितका लांबून ओढशील तितकी जास्त वळशील. तिसरं, पाय. तुझे पाय दोन्ही उत्तम आहेत, ते एकसारखे चालू ठेव, मध्ये थांबवू नकोस, होडीचं सुकाणू तेच आहे. श्वास दोन्ही बाजूंनी घेऊन बघ आणि कुठल्या बाजूने घेतल्यावर कमी वळतेस ते वहीत लिही, हे मला इथून कळणार नाही, ते तुलाच कळेल.

आणि समुद्रात उतरशील तेव्हा एक गोष्ट अजून. आपले मच्छीमार जागा लक्षात ठेवायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरतात ना, पुढे एखादा माड आणि त्याच्या मागे देवळाचा कळस, तसं कर. सहा-आठ हात मारले की डोळे जेमतेम पाण्यावर काढून बघायचं. माड कळसाच्या डावीकडे सरकलेला दिसला तर तू उजवीकडे गेलीस, उजवीकडे दिसला तर डावीकडे. तेवढं वळून परत रेषेत यायचं. दोन हातवाले पण समुद्रात हेच करतात, त्यांनाही लाट आणि ओढ वाकडं नेते, सरळ कोणीच जात नाही.

एकटीने जायचं नाही, ओहोटीला जायचं नाही, सोबत होडी किंवा पोहणारा मोठा माणूस पाहिजेच. तोवर विहिरीत एक कर, डोळे मिटून समोरच्या भिंतीला हात लागेपर्यंत हळू पोह आणि मग उघड. भिंतीला कुठे लागलीस ते बघ. रोज पाच वेळा, आणि किती डावीकडे गेलीस ते वितीने मोजून लिहून ठेव. दसऱ्यानंतर ती वही घेऊन ये.